पाटाचे पाणी आणि निचऱ्याची वाट : नीरा डाव्या कालव्यावरील चिबड जमिनींचा इतिहास

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांचा इतिहास लिहिताना धरणाची उंची, कालव्याची लांबी आणि भिजलेले क्षेत्र या तीन आकड्यांभोवती आपला अभ्यास फिरत राहतो. कालव्याने शेतात आणलेले पाणी शेतातून बाहेर कसे पडले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही. तो कृषिशास्त्राच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवून आपण मोकळे झालो आहोत. वस्तुतः या प्रश्नात महसूल, कायदा, जमीनधारणा आणि शेजारधर्म हे सर्व विषय गुंतलेले आहेत. पुणे जिल्ह्यातील नीरा डावा कालवा हे उदाहरण घेऊन या प्रश्नाची मांडणी करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. शेवटी कृष्णाकाठच्या शिरोळ परिसराचा विचार केला आहे, कारण नीरेकाठी सुरू झालेली ही कथा तेथे पुढे चालू राहिलेली दिसते.

प्रारंभी शब्दांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. सरकारी कागदपत्रांत 'पाणथळ व क्षारपड क्षेत्र' असा एकच जोडशब्द वापरला जातो. शेतकऱ्यांची भाषा याहून अधिक काटेकोर आहे. सदैव ओली राहणारी, औताचे बैल रुततील अशी जमीन ती 'चिबड'. खालून पाझर फुटून वर पाणी येते ती 'उपळट'. उन्हाळ्यात पांढरी पापडी धरते ती 'खारवट'. वाळली की दगडासारखी घट्ट आणि भिजली की पायाला चिकटणारी, पाणी आत मुरू न देणारी ती 'चोपण'. या चार शब्दांत एका रोगाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत आणि त्यांचा क्रमही बहुतांशी हाच असतो. ज्या समाजाने हे शब्द घडविले, त्याला हा रोग कळत नव्हता असे म्हणता येणार नाही. त्यामुळे 'अडाणी शेतकऱ्याने पाण्याचा अतिरेक केला' या परिचित विधानाकडे काहीशा संशयाने पाहणे भाग पडते.

मोट आणि पाट

कालवा येण्यापूर्वी नीरेच्या खोऱ्यात, विशेषतः जुन्या भीमथडी तालुक्यात आणि इंदापुरात, पाऊस बेभरवशाचा आणि शेती मुख्यतः जिरायत होती. बागायत होती ती विहिरींवर. मोटेच्या बागायतीचा एक गुण सहसा लक्षात घेतला जात नाही. विहीर जमिनीखालचे पाणी उपसून त्याच जमिनीवर पसरविते. अर्थात सिंचन आणि निचरा या दोन्ही क्रिया एकाच साधनाने होतात आणि भूजलाची पातळी वर चढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय मोटेचे प्रत्येक पाणी बैलांच्या आणि माणसाच्या श्रमाने मोजून मिळते. ते उधळणे परवडत नाही.

खानदेशातील पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत पाणी वाहूनच येत होते. परंतु तेथे पाट आखूड होते, फडातील पीक सर्वांचे एक होते, पाळी ठरलेली होती आणि उरलेले पाणी पुन्हा नदीकडे जाण्यास वाट होती. पाणी कोठून घ्यायचे याइतकेच ते कोठे सोडायचे हेही त्या व्यवस्थेत आधीच ठरलेले असे.

नवा कालवा या दोहोंपेक्षा वेगळा होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाल्यावर दुष्काळनिवारणाचा उपाय म्हणून नीरा कालव्याचे काम पुढे आले. १८८५ च्या सुमारास कालव्यातून पाणी वाहू लागले. वेळवंडी नदीवरील भाटघर येथील धरण, तत्कालीन नाव 'लेक व्हायटिंग', १८९२ मध्ये पूर्ण झाले. वीर येथील बंधाऱ्यापासून निघणारा हा कालवा पुरंदर, बारामती आणि इंदापूर या भागांतून सुमारे शंभर मैल वाहत जातो. तो उंचावरून आखलेला आहे आणि त्याच्या खाली नीरेपर्यंत उतरत जाणारी जमीन त्याचे लाभक्षेत्र आहे. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी पडलेले पाणी अवर्षणग्रस्त मुलखातील काळ्या जमिनीवर, तेही बारमाही, पसरविले जाण्याचा हा प्रसंग त्या भूमीच्या इतिहासात नवा होता.

दुष्काळासाठी कालवा, महसुलासाठी ऊस

कालवा दुष्काळासाठी बांधला गेला खरा, परंतु दुष्काळ दरवर्षी पडत नाही. बरा पाऊस झाला की ज्वारी-बाजरीचा शेतकरी पाण्याची मागणी करीत नसे. काळ्या जमिनीत ओलावा टिकतो, मग पाणीपट्टी भरून पाणी का घ्यावे? शेतकऱ्याचा हा हिशेब बिनचूक होता, पण त्यामुळे कालव्यावर गुंतविलेल्या भांडवलाचे व्याज सुटेना. पाणी दरवर्षी, ठरावीक प्रमाणात आणि चढ्या दराने विकत घेणारे पीक सरकारला हवे होते. ते पीक म्हणजे ऊस. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी शेतकऱ्यांना कालव्याकडे ढकलले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नीरेकाठी उसाचे क्षेत्र वेगाने वाढले. कॅनेडियन मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवुड यांनी 'रेझिंग केन' (१९९२) या ग्रंथात या परिवर्तनाचा तपशीलवार अभ्यास केला आहे. त्यांचा भर शेतकऱ्यांच्या उद्यमशीलतेवर आहे आणि तो योग्यही आहे. जमिनीने या उद्यमशीलतेची काय किंमत मोजली, या बाजूने तीच कथा येथे पाहावयाची आहे.

या ऊसशेतीत सासवडच्या माळी समाजाचा वाटा मोठा होता. पुरंदर तालुक्यातील विहीर-बागायतीत मुरलेली ही मंडळी कालव्याबरोबर खाली बारामतीकडे सरकली, जमिनी खंडाने घेऊन ऊस लावू लागली आणि पुढे गोदावरी व प्रवरा कालव्यांवर पसरली. सोलापूर जिल्ह्यातील माळीनगर येथे १९३२ साली स्थापन झालेला 'सासवड माळी शुगर फॅक्टरी' हा कारखाना या स्थलांतराचे सर्वपरिचित फळ होय. परंतु खंडाच्या शेतीला निचऱ्याच्या दृष्टीने एक दुसरी बाजू आहे. काही वर्षांसाठी जमीन घेणारा कसणारा खत घालील, पाणी देईल, उत्तम ऊस काढील. पण वीस वर्षांनी उपयोगी पडणारा चर तो कशासाठी खोदील? जमिनीचा मालक स्वतः कसत नाही म्हणून तो खोदत नाही, आणि सरकार जमीन खाजगी आहे म्हणून खोदत नाही. जमीन चिबडली की खंडकरी पुढच्या गावी जाई. हा दोष कोणा एका समाजाचा नाही, खंडाच्या मुदतीचा आहे.

याच काळात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सेवेत होते. नीरा कालव्यावर त्यांनी सुरू केलेली 'ब्लॉक पद्धती' प्रसिद्ध आहे. कालव्याच्या मुखाशी असलेल्या थोड्या गावांनी सर्व पाणी उसासाठी घ्यावे आणि शेवटच्या गावांना काहीच मिळू नये, ही स्थिती बदलण्यासाठी ठरावीक क्षेत्राचे गट पाडून त्यांत ऊस आणि इतर पिके यांची फेरपालट करावी, अशी तिची कल्पना होती. पाणी पसरले असते तर जमिनीलाही मधूनमधून विसावा मिळाला असता. पाणीवाटपाचा न्याय आणि जमिनीचे आरोग्य हे प्रश्न एकाच उपायाने सुटू शकतात, हे या योजनेतून प्रथमच स्पष्ट झाले. तथापि ही योजनाही शेतात जाणाऱ्या पाण्याविषयी होती. बाहेर पडणाऱ्या पाण्याविषयी नव्हती.

१९१० ची पुस्तिका

नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींचा पहिला व्यवस्थित शास्त्रीय अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयात झाला. महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी लिहिलेली 'नीरा खोऱ्यातील खारजमिनी' या विषयावरील इंग्रजी पुस्तिका १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केली. मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामातील चहाच्या मळ्यांचा अभ्यास करून ते पुण्यास आले होते. कालव्याच्या पाण्याने भूजलाची पातळी वर येते, जमिनीत मुळातच असलेले क्षार त्याबरोबर पृष्ठभागी जमतात आणि निचऱ्यावाचून यावर उपाय नाही, हा या अभ्यासाचा गाभा होता.

ही क्रिया समजून घेतल्याखेरीज पुढील इतिहास कळणार नाही. दख्खनच्या जमिनीत वर काळी चिकण माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा थर असतो. काळी माती पाणी धरून ठेवते पण सोडीत नाही. मुरूम मात्र पाणी वाहू देतो. वरच्या अंगाला जेथे मातीचा थर पातळ असतो, तेथे कालव्याचे आणि शेताचे पाणी झिरपून मुरमात उतरते, उताराने खाली वाहते आणि नदीच्या बाजूला जेथे मातीचा थर खोल होतो तेथे कोंडते. पुढे वाट नाही म्हणून ते वर चढते. पृष्ठभागापासून चार-पाच फुटांवर आलेले पाणी केशाकर्षणाने वर ओढले जाते, उन्हाने उडून जाते आणि त्यातील क्षार मागे राहतात. त्यांत सोडियमचे प्रमाण वाढले की मातीचे कण फुटून पसरतात, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. या अवस्थेत नुसते चर खोदून भागत नाही. जिप्समसारखे भूसुधारक, हिरवळीचे खत आणि क्षार धुऊन नेण्यासाठी पुन्हा पाणीच द्यावे लागते. पाण्याने बिघडलेली जमीन पाण्यानेच धुवावी लागते, परंतु खालची वाट मोकळी केल्यानंतर.

या वर्णनातून इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट निघते. पाणी एका शेतात दिले जाते आणि जमीन दुसऱ्याच शेताची बिघडते. वरच्या अंगाचा शेतकरी उसाला भरपूर पाणी देतो, त्याची मुरमाड जमीन निचरून कोरडी होते आणि त्याला स्वतःची चूक कधीच दिसत नाही. खालच्या अंगाचा, कदाचित एक गुंठाही ऊस न लावणारा शेतकरी आपली खोल काळी, गावातील सर्वांत मोलाची जमीन पांढरी पडताना पाहतो. 'ज्याने अतिरेक केला त्याने भोगावे' हा न्याय येथे लागूच पडत नाही.

हॅरॉल्ड मॅन यांचे नाव समाजशास्त्राच्या प्राध्यापकांना दुसऱ्याच कारणाने परिचित आहे. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १७७१ मध्ये त्या गावातील सरासरी धारण क्षेत्र ४० एकर होते, ते १९१५ पर्यंत ७ एकरांवर आले, हा त्यातील निष्कर्ष अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून कित्येक पिढ्यांनी वाचला. (त्या गावाच्या शेतात आज बहुमजली इमारती उभ्या आहेत, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) मॅन यांचे हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. एक सांगतो की जमिनीला चराची गरज आहे. दुसरा सांगतो की चर ज्या जमिनीतून जाणार तिचे बारीक तुकडे झालेले आहेत. उतारावर खोदलेला चर ओढ्यापर्यंत पोहोचायचा तर तो दहा-वीस खातेदारांच्या बांधांतून जाणार. त्यांतील एकाने 'माझ्या शेतातून नाही' म्हटले की वरचे सारे काम वाया जाते. पाणी देण्यासाठी पाटकरी असतो, पाळीपत्रक असते. पाणी काढण्यासाठी असा कोणीही नव्हता.

ठाऊक असूनही

ब्रिटिश सरकारला या धोक्याची कल्पना नव्हती, असे म्हणता येत नाही. पश्चिम यमुना कालव्याच्या काठी कर्नाल परिसरात पाणी साचून हिवतापाचा कहर झाला, तेव्हा बेकर, डेम्प्स्टर आणि यूल यांच्या समितीने त्याची चौकशी केली होती आणि तिचा अहवाल १८४७ सालचा आहे. म्हणजे नीरा कालव्यात पाणी येण्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी कालवा, कोंडलेला निचरा आणि रोगराई यांचा संबंध सरकारदरबारी नोंदला गेला होता. उत्तरेतील 'रेह' म्हणजे खारवट जमिनींच्या चौकशीसाठी १८७० च्या दशकात स्वतंत्र समिती नेमण्यात आली होती. उत्तर हिंदुस्थानासाठी १८७३ मध्ये झालेल्या कायद्याच्या नावातच कालव्याबरोबर निचऱ्याचा उल्लेख आहे. मुंबई इलाख्याचा १८७९ चा कायदा मात्र नावाने केवळ 'इरिगेशन' कायदा आहे. नैसर्गिक निचऱ्याच्या मार्गांतील अडथळे दूर करण्याच्या तरतुदी त्यातही होत्या; परंतु अडथळा दूर करणे आणि नवी वाट निर्माण करणे यांत फरक आहे.

खुद्द इंग्लंडात याच शतकात निचऱ्याचे मोठे पर्व घडत होते. भाजलेल्या मातीच्या नळ्या यंत्राने तयार होऊ लागल्या आणि १८४६ च्या कायद्यान्वये ब्रिटिश पार्लमेंटने जमीनदारांना निचऱ्यासाठी वीस लक्ष पौंडांची कर्जे उपलब्ध करून दिली. मायदेशी निचरा हे सार्वजनिक पैशाने करावयाचे काम मानले गेले. दख्खनमध्ये १८८३ च्या भूमिसुधार कर्ज कायद्याखाली तगाई मिळू शकत होती, पण ती एकेकट्या शेतकऱ्याला. आणि एकेकट्या शेतकऱ्याने काढलेला चर, वर पाहिल्याप्रमाणे, शेजाऱ्याच्या बांधाशी संपतो. कालव्याच्या जमाखर्चात पाणीपट्टी जमेच्या बाजूस दिसे. बिघडलेली जमीन कोणत्याच खात्यात दिसत नसे. एखादे शेत पडीक पडले तर महसूल खात्याचे थोडे नुकसान, पाटबंधारे खात्याचे काहीच नाही. उदासीनतेचे मूळ मला या हिशेबात दिसते. अज्ञान हे कारण फार तर दुय्यम मानावे लागेल.

१९१६ मध्ये मुंबई सरकारने पुण्यात सिंचनाच्या संशोधनासाठी विशेष विभाग सुरू केला. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली या विभागाने दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमिनींचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्यात व्ही. के. गोखले यांचे सहकार्य त्यांना लाभले. निरीक्षण विहिरींतील पातळी मोजणे, जमिनीच्या थरांचे नकाशे करणे आणि त्यांनुसार चरांची आखणी करणे हे काम या परंपरेत रुजले. चर काळ्या मातीत कितीही खोदला तरी पाणी येत नाही. तो मुरमाला भिडला पाहिजे, हे दख्खनच्या निचऱ्याचे मर्म आहे आणि इंग्लंडच्या पुस्तकांवरून ते कळण्यासारखे नव्हते. याच विभागातून पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले. आज ही संस्था नदी, बंदरे आणि धरणे यांच्या प्रतिकृतींसाठी देशभर ओळखली जाते. तिचा जन्म दख्खनच्या शेतांतील पाण्याच्या प्रश्नातून झाला, हे तिच्या आवारातून हिंडणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

दरम्यान १९२८ मध्ये भाटघर येथे मोठे लॉइड धरण पूर्ण झाले. कालव्यांना मिळणारे पाणी वाढले, उजव्या कालव्याचे क्षेत्र त्यात आले आणि निचऱ्याचा प्रश्न नदी ओलांडून पलीकडे गेला.

कृष्णाकाठी पुनरावृत्ती

स्वातंत्र्योत्तर काळात १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा, सत्तरच्या दशकातील लाभक्षेत्र विकास प्राधिकरणे, १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आणि २००५ चा पाणी वापर संस्थांचा कायदा असे टप्पे आले. त्यांचा तपशील येथे देत नाही. पाणी वाटण्याची संस्था प्रत्येक टप्प्यावर उभी राहिली, पाणी काढण्याची संस्था मात्र कागदावरच्या एखाद्या कलमापुरती राहिली, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

सांगली-कोल्हापूरकडील कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठी हाच रोग वेगळ्या वाटेने आला. तेथे मोठ्या कालव्यापेक्षा नदीवरील उपसा योजनांचा वाटा अधिक होता, आणि त्यांतील अनेक शेतकऱ्यांच्या स्वतःच्या सहकारी योजना होत्या. म्हणजे दोष परकीय सरकारच्या महसुली धोरणावर टाकण्याची सोय येथे नाही. मोटारीचे बटण दाबले की पाणी येते, उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, आणि जमीन खोल काळी आहे. नीरेकाठी एका पिढीत जे घडले तेच येथे घडले. मोटेच्या बैलांबरोबर पाण्याचा संयमही गेला, असे जुनी माणसे म्हणतात. त्यात स्मरणरंजन किती आणि निरीक्षण किती, हे वेगळे करणे सोपे नाही.

शिरोळ तालुक्यात श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने, गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने, भूमिगत निचऱ्याचे जे काम केले आहे ते या इतिहासात म्हणूनच वेगळे ठरते. तंत्र नवे नाही. जमिनीखाली ठरावीक खोलीवर आणि अंतरावर सच्छिद्र प्लास्टिक नळ्या घालायच्या, माती आत जाऊ नये म्हणून त्यांना गाळणीचे आवरण द्यायचे, त्या एका मोठ्या मुख्य नळीला जोडायच्या आणि मुख्य नळी ओढ्यात किंवा नाल्यात सोडायची. विलायतेतील भाजलेल्या नळीचेच हे आजचे रूप आहे. नवे आहे ते शेतकऱ्यांना गटाने एकत्र आणून, कर्ज उभारून, मुख्य नळी सर्वांच्या बांधांखालून नेण्याला संमती मिळविणे. नळी जमिनीखालून जात असल्यामुळे चराइतकी जमीन वाया जात नाही आणि बांधाचा वाद निम्मा तेथेच मिटतो. मॅन यांच्या दोन अभ्यासांमध्ये जी फट राहिली होती, ती येथे एका कारखान्याच्या सभासदत्वाने भरून काढली आहे. जो कारखाना उसाचे गिऱ्हाईक आहे, त्यानेच जमीन दुरुस्तीची वाट दाखवावी यात काहींना विसंगती वाटेल. मला ती हिशेबाची सुसंगती वाटते: चिबडलेल्या शेताचे नुकसान प्रथमच कोणाच्या तरी खातेवहीत दिसू लागले.

एक प्रश्न मात्र अद्याप नळीच्या तोंडाशी उभा आहे. मुख्य नळीतून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी नाल्यात जाते आणि नाला नदीला मिळतो. नाले गाळाने भरलेले, कडेने अतिक्रमण झालेले आणि कोणाच्याच नियमित देखभालीत नसलेले असे अनेक ठिकाणी आहेत. २०१९ आणि २०२१ सारख्या महापुरांत नदीच नाल्यांतून मागे फिरते, नळ्यांची तोंडे पाण्याखाली जातात आणि पूर ओसरल्यावर ती गाळातून मोकळी करावी लागतात. नदीकाठच्या खालच्या गावात तेच पाणी पुन्हा उपसा योजनेच्या जॅकवेलमध्ये येते आणि उसाला दिले जाते.